आर.ए.मध्ये व्हीईजीएफ मोजताना: मराठवाड्यातल्या नव्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी

निरोगी सांध्याचं आतलं अस्तर जेमतेम एक ते तीन पेशींच्या जाडीचं असतं. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे आर.ए.मध्ये, ते दहा थरांपर्यंत आणि कधी त्याहूनही जाड होतं. पेशी वाढतात, पण रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही आणि ऑक्सिजन कमी पडतो. एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन एरवी तयार होताच मोडलं जातं. ऑक्सिजन कमी पडला की ते टिकतं आणि व्हीईजीएफचं, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचं, जनुक चालू करतं. टीएनएफ-अल्फा, आयएल-१ आणि आयएल-६ ही दाह वाढवणारी प्रथिनं त्यात भर घालतात. नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यांतून द्रव झिरपून सांधा सुजतो आणि दाहाच्या आणखी पेशी आत शिरतात. १९८३ साली व्हीईजीएफ पहिल्यांदा सापडलं तेच मुळी वाहिन्या पाझरायला लावणारा घटक म्हणून. प्रबंधात सूज आणि वाहिन्यांची वाढ यांना दोन स्वतंत्र प्रकरणं देऊ नका.

रुग्ण निवडताना सावध राहा. आपल्याकडे गुडघ्याच्या झिजेलाही ‘संधिवात’ म्हणतात आणि चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने राहिलेल्या सांधेदुखीलाही. आर.ए. ठरवण्याच्या २०१० च्या एसीआर-युलार (अमेरिकी आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटना) निकषांत दहापैकी किमान सहा गुण हवेत. औषधांची चौकशी करताना ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ एवढ्यावर थांबू नका. ‘गावात कुणाकडून पुड्या घेता का? गुडघ्यात सुई घेतली होती का, कधी?’ हेही विचारा. पुडीतलं किंवा सुईतलं स्टेरॉइड दाह दाबतं आणि तुमचा आकडा खाली आणतं.

खरी गफलत मात्र रक्ताच्या नळीत होते. प्लेटलेट्समध्ये व्हीईजीएफ साठलेलं असतं आणि रक्त गोठताना ते बाहेर पडतं. त्यामुळे सीरममधला (गोठलेल्या रक्तावरच्या द्रवातला) आकडा प्लाझ्मापेक्षा (न गोठलेल्या रक्तातल्या द्रवापेक्षा) जास्त येतो. सक्रिय आर.ए.मध्ये प्लेटलेट्स वाढलेल्याच असतात, म्हणजे सांध्यातला दाह मोजतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात बरीचशी प्लेटलेट्सची संख्याच मोजली जाते. रक्त गोठू न देणारी ईडीटीएची नळी घ्या. रक्त काढल्यापासून ३० मिनिटांत १००० जी-ला १५ मिनिटं फिरवा. वरचा प्लाझ्मा काढताना पेशींलगतचा थर सोडून द्या. मग थंड सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी-ला १० मिनिटं पुन्हा फिरवा. ‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर; आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, नव्हे: रोटरची त्रिज्या १० सें.मी. असेल तर १००० जी-साठी साधारण ३००० आरपीएम लागतात. सायट्रेटची नळी वापरली तर नऊ भाग रक्तात एक भाग द्राव मिसळतो, तेव्हा ती सौम्यता हिशेबात धरा. प्रत्येक रुग्णाची प्लेटलेट संख्या त्याच दिवशी नोंदवा, नाहीतर नंतर विश्लेषणात ती दुरुस्ती करता येणार नाही.

दुसरा सापळा रुमॅटॉइड फॅक्टरचा, म्हणजे इतर अँटीबॉडींनाच चिकटणाऱ्या अँटीबॉडीचा. सँडविच एलायझात, म्हणजे व्हीईजीएफ दोन अँटीबॉडींमध्ये पकडून रंगावरून मोजणाऱ्या चाचणीत, तो खालच्या आणि वरच्या अँटीबॉडींना एकमेकींशी जोडतो; मध्ये व्हीईजीएफ नसतानाही रंग येतो. आर.ए.च्या बहुतेक रुग्णांत हा फॅक्टर असतो आणि तुलनेच्या गटात तो क्वचितच, म्हणून खोटा फरकही ठळक दिसतो. नमुना १:२, १:४, १:८ असा पातळ करून पाहा. पातळ करण्याच्या पटीने गुणल्यावर आकडा साधारण तोच यायला हवा. तो जुळत नसेल तर अडथळा आहे असं समजा आणि ब्लॉकिंग अभिकर्मक वापरून पुन्हा मोजा.

सांध्यातला द्रव चिकट असतो, पिपेटला पुरा येत नाही. पेशी खाली बसवून घ्या, मग चिकटपणा मोडणारं हायल्युरोनिडेज हे विकर घाला, आणि तुलनेच्या नमुन्यांवरही तीच प्रक्रिया करा.

नमुन्याचे २०० ते ३०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा आणि एक भाग एकदाच वितळवा. अंबाजोगाईहून किंवा उदगीरहून छत्रपती संभाजीनगरला नमुने न्यायचे असतील तर ड्राय आइसच हवा. मे महिन्यात साध्या बर्फाचा डबा वाटेतच पाणी होतो. वीज गेली तर फ्रीजर उघडू नका. ती किती वाजता गेली, किती वाजता आली आणि तापमान कुठवर चढलं, हे वहीत लिहा आणि त्या काळात फ्रीजरमध्ये असलेल्या नमुन्यांवर खूण करा.