जुनं डेल्फ्ट घेताय? बूड नंतर, काठ आधी

डेल्फ्ट म्हणजे हॉलंडमधलं एक शहर आणि तिथली निळी-पांढरी भांडी. माझं पहिलं डेल्फ्टचं ताट मी स्वतःच्या हातांनी मोडलं. तेही न आपटता. डेल्फ्टमध्ये उन्हाळ्यात शनिवारी कालव्याकाठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथून ते आणलं होतं. मळ सुटावा म्हणून रात्री गरम साबणाच्या पाण्यात टाकलं आणि सकाळी टबात तीन तुकडे! ताट आधीच कधीतरी फुटलेलं होतं. कुणीतरी सरसाने जोडून सांध्यावर रंग फिरवला होता. गरम पाण्यात सरस विरघळला.

मुळात चूक होते ती याला चिनी माती, म्हणजे पोर्सेलीन, समजण्यात. दोष आपला एकट्याचा नाही, डेल्फ्टचे कुंभारही आपल्या मालाला पोर्सेलीनच म्हणायचे. १६४४ मध्ये मिंग घराणं कोसळलं, चीनमधून येणारा माल आटला, आणि ती जागा डेल्फ्टने भरून काढली. तिथले बिअरचे कारखाने बंद पडत होते, त्यांच्या जागा कुंभारांना मिळाल्या. पण चिनी पोर्सेलीनची माती त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी साधी चुनखडीयुक्त माती भाजली, तिच्यावर कथलाची पांढरी झिलई दिली, त्यावर कोबाल्टच्या निळ्याने चित्रं काढली आणि वर शिशाची पारदर्शक झिलई चढवली.

म्हणून बूड उलटून बघण्याआधी काठ बघा. जुन्या डेल्फ्टच्या काठाला बारीक टवके असतातच, कारण कडेवर झिलईची पकड कच्ची असते. टवक्यात आतली माती दिसते: मळकट पिवळसर, थेट मारी बिस्किटाचा रंग. आत पांढरंशुभ्र दिसलं तर ते एकतर पोर्सेलीन आहे किंवा बऱ्याच नंतरचा माल. आणि तीनशे वर्षांच्या ताटाच्या काठाला एकही टवका नसेल तर मला आनंद होत नाही, संशय येतो. माठ घेताना वाजवून बघतो तसं हेही हलकेच वाजवा. पोर्सेलीनसारखा खणखणीत आवाज येणार नाही, पण अगदीच बद्द वाजलं तर तडा शोधा.

आता बूड. इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. ‘एके’ ही जोडाक्षरी खूण म्हणजे आद्रिआनुस कॉक्स, १६८६ ते १७०१ या काळातला ‘ग्रीक ए’ नावाच्या कारखान्याचा मालक. इंग्लंडच्या दुसऱ्या मेरी राणीसाठी याच कारखान्याने फुलं खोचायचे मनोरे बनवले. नाव मोठं, म्हणून १९व्या शतकात हीच खूण मारून नकला निघाल्या. उलट खूण नसलेली अस्सल जुनी भांडी ढिगाने सापडतात. बुडावर ‘डेल्फ्ट्स ब्लाउ’, ‘हँडपेंटेड’ किंवा ‘मेड इन हॉलंड’ असं लिहिलेलं असेल तर ती विसाव्या शतकातली आठवण-वस्तू. छान असेल, पण पुराणवस्तू नाही. ‘पोर्सेलाइने फ्लेस’ (पोर्सेलीनची बाटली) या कारखान्याच्या बाटलीच्या खुणेबद्दलही असंच. तो कारखाना १६५३ चा, पण बाटलीखाली ‘जेटी’ अक्षरं असलेली खूण १८७६ मध्ये योस्ट टोफ्ट यांनी कारखाना घेतल्यानंतरची.

चित्र भिंगाखाली धरा. ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील. कुंचल्याची रेघ एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला झिरपत गेलेली असते.

जितकी वस्तू विचित्र, तितकी नक्कल जास्त. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये डेल्फ्टचं निळं-पांढरं व्हायोलिन आहे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. तसली मातीची व्हायोलिनं १९व्या शतकात हौसेने बनवली गेली. बाजारात दिसलं तर ते त्यांच्यातलंच धरून चाला.

फरशांचं वेगळंच. ‘डेल्फ्ट टाइल’ म्हणतात त्यांतल्या बहुतेक डेल्फ्टच्या नाहीतच. रॉटरडॅम, हार्लिंगन, मक्कुम इथल्या. कोपऱ्यांतली टाचणीएवढी भोकं म्हणजे खोट नव्हे. ओली माती कापताना फळी सरकू नये म्हणून तिला खिळे असायचे, त्यांच्या त्या खुणा. ती भोकं बुजवू नका. मागचा चुनाही छिन्नीने उडवू नका, फरशी जाते. (उदयपूरच्या सिटी पॅलेसमधल्या चिनी चित्रशाळेत चिनी फरशांसोबत डच फरशाही आहेत. गाइडच्या मागे पळताना त्या राहून जातात.)

ताट आधीच बिघडलं असेल तर? टवक्यातून पाणी आत मुरतं आणि झिलईखाली तपकिरी डाग पसरतो. त्यावर ब्लीच ओतू नका. त्याचे क्षार आत वाळून स्फटिक होतात आणि झिलईचे पापुद्रे सुटतात. हे काम संवर्धकाचं. घरी फक्त किंचित ओलसर मऊ फडकं, तेही सांध्यापासून लांब. भिंतीवर टांगायचं असेल तर घट्ट स्प्रिंगची तार नको, काठ तीच खाते. विकत घेण्याआधी अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा. जोडकामावरचा रंग बाकीच्या झिलईहून वेगळा चमकतो. माझ्या ताटावर तो टॉर्च मी फिरवला, पण तुकडे झाल्यावर.