घुमट वाजवा, मनगट सांभाळा
गणेश चवथीच्या आरत्यांना घुमट (एका तोंडावर चामडं ताणलेलं, मागचं तोंड उघडं असलेलं गोव्याचं मातीचं वाद्य) वाजवायचं असेल तर महिनाभर आधी, रोज १५ मिनिटं सराव धरा. ताठ बसा, खांदे सैल. उजव्या हाताच्या बोटांनी चामड्यावर थाप, डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकायचं-उघडायचं; दोन हातांची दोन कामं, मेंदूला उत्तम व्यायाम. सोबत आरती म्हणाच. ओळ एका दमात संपवा, कारण श्वास लांब सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात.

पावसात चामडं ओल धरतं, आवाज बसतो आणि बहुतेकजण जोर वाढवतात. मग मनगट धरतं. त्यापेक्षा निखाऱ्यापासून हातभर लांब धरून चामडं शेकवा. बंद खोलीत चार-पाच घुमटं असतील तर आवाज कोंडू नये म्हणून खिडक्या उघडा. नंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर आवाज कानांना झेपलेला नाही.