परदेशातल्या अनाथाश्रमाला पाठवलेली देणगी दर वेळी कमी पोचते? (माझा अनुभव)

लक्षण: विक्रीतला ठरलेला हिस्सा संस्थेला पाठवला की खात्यात कमी जमा व्हायचा, आणि तूटही दर महिन्याला वेगळी. हिशेब जुळवता जुळवता डोकं उठलं.

आधी थोडी जास्त रक्कम पाठवून पाहिली. तूट बदलती, त्यामुळे अंदाज चुकायचा. बँक बदलली, तरी तेच. दोन हप्ते केले तर कपातही दोनदा.

गाठ सुटली ती बँकेकडून एमटी१०३ची (परदेशी पैसे पाठवताना बँका एकमेकींना धाडत असलेल्या स्विफ्ट संदेशाचा जुना नमुना) प्रत मागितल्यावर. त्यातला ३३बी हा रकाना म्हणजे पाठवायला सांगितलेली रक्कम, ३२ए म्हणजे पुढे गेलेली. फरक ७१एफमध्ये (वाटेत कापलेला खर्च) दिसतो. ७१एमध्ये (खर्च कोणी सोसायचा) 'एसएचए', म्हणजे 'वाटून', होतं, म्हणजे मधल्या बँका आपला खर्च रकमेतूनच कापणार.

मग या क्रमाने केलं. संस्थेकडून खात्याचं चलन आणि बँकेत नोंदवलेलं नाव लेखी घेतलं (फलकावरचं नाव बरेचदा वेगळं असतं, आणि त्यावरून पैसे परतही येतात). त्याच चलनात रक्कम भरली. खर्चाच्या रकान्यात 'ओयूआर' (सगळा खर्च पाठवणाऱ्याचा) निवडलं; बँक-संदेशांच्या नव्या आयएसओ २००२२ नमुन्यात त्यालाच 'डीईबीटी' म्हणतात. पाठवल्यावर ३६ अक्षरांचा यूईटीआर (त्या व्यवहाराचा खास ओळख-क्रमांक) संस्थेला कळवला, म्हणजे त्यांची बँक शोध घेऊ शकते.

'ओयूआर'चा खर्च आपल्याकडून वेगळा कापला जातो, तो देणगीत धरू नका. त्यानंतरही तूट दिसलीच, तर संस्थेकडून जमा-सूचना (खात्यात किती जमा झाले याची तिच्या बँकेची पावती) मागवा: काही बँका आवक रकमेवर स्वतःचं शुल्क लावतात, आणि ते फक्त संस्थेलाच तिच्या बँकेशी बोलून माफ करून घेता येतं.