चमक फक्त कंदिलाला

मालवणातल्या एका होमस्टेचा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (मॉडेलवरून तयार होणारं चित्र) करत होतो. पडवीतल्या कंदिलाला चमक दिली की जांभ्याच्या भिंतीही धुरकट व्हायच्या. चमक फक्त कंदिलाला द्यायची तर असं करा:

१. व्ह्यू लेयरच्या पासेसमध्ये (रेंडरसोबत साठवल्या जाणाऱ्या जादा माहितीच्या यादीत) क्रिप्टोमॅटचा, म्हणजे चित्रातली प्रत्येक वस्तू वेगळी निवडता येण्याच्या सोयीचा, ऑब्जेक्ट पर्याय चालू करून पुन्हा एकदा रेंडर करा. काच आणि सांगाडा एकच ऑब्जेक्ट असेल तर त्याऐवजी मटेरियल पर्याय घ्या.
२. कंपोझिटरमध्ये (रेंडर झालेल्या चित्रावर काम करायच्या भागात) क्रिप्टोमॅट नोडच्या, म्हणजे त्या कामाच्या चौकटीच्या, ड्रॉपरने काच निवडा.
३. क्रिप्टोमॅट नोडचं इमेज आउटपुट (फक्त निवडलेली काच) ब्लर नोडमधून काढा आणि मिक्स नोड 'ॲड'वर ठेवून मूळ चित्रात मिसळा.

आधी ब्लर आणि मग मास्क (निवडलेला भाग सोडून बाकीचं झाकणं) असा क्रम लावू नका, चमक काचेच्या कडेलाच कापली जाते. माझा कंदील पहिल्यांदा चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसत होता!