फ्लॅट लावल्यावर कोपरे उजळ होत असतील तर ऑफसेट तपासा (माझा अनुभव)

दुर्बिणीतून घेतलेल्या दीर्घिकांच्या फोटोंना फ्लॅट (एकसारख्या उजेडात घेतलेले, कोपऱ्यांतला अंधार आणि धुळीचे डाग दुरुस्त करण्यासाठीचे फोटो) लावले की चारही कोपरे मध्यभागापेक्षा उजळ व्हायचे आणि धुळीच्या काळ्या कड्यांच्या जागी फिकट कडी उमटायची, म्हणजे दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होत होती. सेन्सर पुसून, फ्लॅटचे एक्स्पोजर बदलूनही फरक पडेना, तेव्हा अगदी वैताग आला.

कारण फिट्स हेडरमध्ये (फोटोच्या फाइलमधल्या सेटिंगच्या नोंदीत) सापडले. कॅप्चर सॉफ्टवेअरच्या अपडेटनंतर ऑफसेट (कॅमेरा प्रत्येक पिक्सेलच्या मूल्यात मिळवतो ती स्थिर पातळी) आपोआप बदलल्यामुळे जुन्या डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेले, सेन्सरचा स्वतःचा सिग्नल वजा करण्यासाठीचे फोटो) 10 वर, तर लाइट फ्रेम (आकाशाचे मूळ फोटो) 50 वर घेतल्या गेल्या होत्या. डार्क वजा केल्यावरही लाइटमध्ये उरणाऱ्या या स्थिर पातळीला फ्लॅटने भागले की कोपऱ्यांत, जिथे फ्लॅट मंद असतो, ती फुगते.

प्रथम ऑफसेट 50 ठेवून, गेन (सिग्नल किती वाढवायचा याचे सेटिंग), सेन्सरचे तापमान आणि 300 सेकंदांचे एक्स्पोजर लाइटप्रमाणेच राखून नव्या डार्क घेतल्या. मग दुर्बिणीला झाकण लावून, फ्लॅटइतक्याच एक्स्पोजरच्या आणि त्याच गेन-ऑफसेटच्या डार्क-फ्लॅट (फ्लॅटमधून वजा करायच्या डार्क) घेतल्या. त्यानंतर जुनी मास्टर डार्क (जुन्या डार्क एकत्र करून बनवलेली फ्रेम) फोल्डरमधून हलवली (नाहीतर सॉफ्टवेअर ती गुपचूप पुन्हा उचलते), डार्क ऑप्टिमायझेशन (सॉफ्टवेअरने डार्क आपोआप कमी-जास्त करणे) बंद केले आणि स्टॅकिंग (सगळे फोटो एकत्र करणे) नव्याने चालवले. पार्श्वभूमी सपाट झाली, कडीही गेली.

फ्लॅट लावूनही कोपरे काळेच राहत असतील, तर मात्र फ्लॅटमधून डार्क-फ्लॅट वजा होत आहेत का, हे आधी पाहावे.