जवळचं भाडं परवडतं का? तालुक्याच्या स्टँडवरच्या ऑटोवाल्यांसाठी हिशेब

“दवाखान्यापर्यंत सोडता का जी?” असं कोणी विचारलं की स्टँडवरचे निम्मे ऑटोवाले दुसरीकडे बघतात. दीड-दोन किलोमीटरसाठी नंबर कोण घालवणार? एकदा नंबर गेला की पुन्हा रांगेच्या शेपटाला. ही भीती खोटी नाही, पण नुसत्या भीतीवर भाडं नाकारू नये. आधी हिशेब मांडून बघावा.

आधी किलोमीटरचा खर्च काढा

टाकी फुल करा, मीटरचं रीडिंग लिहून ठेवा. पुन्हा फुल कराल तेव्हा किती इंधन बसलं आणि गाडी किती चालली ते बघा. त्यात ऑइल, टायर, क्लचप्लेट, ब्रेकची झीज अंदाजाने मिळवा. तालुक्यात सीएनजीचा पंप नसेल आणि भरायला बाहेर जावं लागत असेल, तर ते जाणं-येणंही यातच धरा. हप्ता, विमा, पासिंग मात्र फेरीवर टाकू नका. गाडी झाडाखाली उभी राहिली तरी तो खर्च लागतोच.

मग तासाची कमाई बघा

खरी चूक इथे होते. भाडं किती आलं ते सगळे मोजतात, वेळ कोणी मोजत नाही. समजा किलोमीटरला ५ रुपये खर्च येतो. दवाखान्याचं भाडं ५० रुपये, अंतर २ किलोमीटर, परत रिकामे. चार किलोमीटरचे २० गेले, हातात ३०. स्टँडवर लगेच दुसरी सवारी मिळाली आणि सगळं वीस मिनिटांत आटोपलं, तर तासाला ९० रुपये पडले.

आता १८ किलोमीटरवरच्या गावाचं स्पेशल भाडं, ३०० रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण रिकामे परतलात तर ३६ किलोमीटरचे १८० गेले, उरले १२०, वेळ दीड तास. म्हणजे तासाला ८०. येताना ४०-४० रुपयांच्या दोन सवाऱ्या मिळाल्या तर तोच आकडा १३० च्या वर जातो. उलट जवळच्या फेरीनंतर रांगेत आणखी वीस मिनिटं बसावं लागलं, तर ९० चे ४५ होतात.

म्हणून अंतरापेक्षा दोन गोष्टी बघा: येताना गाडी रिकामी येते का, आणि पुढच्या सवारीसाठी किती थांबावं लागतं. आपले आकडे आठवडाभर वहीत उतरवा: रांगेत लागल्याची वेळ, किलोमीटर, पैसे, परत आल्याची वेळ. त्यात बाजाराचा एक दिवस आलाच पाहिजे. आठवडी बाजाराला पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बाया ऑटोची वाट बघत असतात, रांग सरसर पुढे सरकते, आणि त्या दिवशी जवळची भाडीच जास्त देऊन जातात. सोयाबीन काढणीत किंवा कापूस वेचणीत भरदुपारी स्टँड ओस पडतो. तेव्हा लांबचं भाडं आलं तर सोडू नका.

फाटा ते गाव

आपल्याकडची सगळ्यात कामाची जवळची फेरी हीच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना तर पूर्ण माफ. त्यामुळे गाव ते तालुका या सरळ रस्त्यावर एसटीशी झुंजण्यात अर्थ नाही. पण एसटी बरेचदा फाट्यावर सोडते आणि गाव दोन-तीन किलोमीटर आत असतं. एप्रिल-मेच्या उन्हात तेवढं चालणं म्हणजे शिक्षाच. एसटीच्या वेळा लिहून घ्या. बस यायच्या दहा मिनिटं आधी गावातून निघालात तर बस पकडणारे घेऊन फाट्यावर याल आणि उतरलेले घेऊन परत जाल. दोन्हीकडून गाडी भरलेली, रांग नाही, नंबर नाही. माझ्या मते गावाकडच्या ऑटोसाठी याहून चांगला धंदा नाही.

तीन सवाऱ्यांचा परवाना असताना सहा कोंबू नका. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात तेच आडवं येतं. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीने भाडं मारणंही कायद्यात बसत नाही.

नागपूरला ॲपवर गाडी लावणार असाल तर हिशेब थोडा बदलतो. सवारी घ्यायला जाण्याचे किलोमीटर बहुतेकदा तुमच्याच खिशातून जातात, म्हणून दोन किलोमीटरच्या भाड्यासाठी तीन किलोमीटर रिकामे जाऊ नका. ॲप भाड्यामागे कमिशन कापतं की दिवसाची ठरावीक रक्कम घेतं, तेही आधी विचारा. ठरावीक रक्कम असेल तर ती एकदा निघाल्यावर पुढच्या छोट्या भाड्यातून ॲपला काही जात नाही.

शेवटची एसटी गेल्यावर खेड्याचं भाडं आलं, तर परतीची सवारी मिळणार नाही हे गृहीत धरा. जायचे-यायचे पैसे निघण्याआधीच बोलून घ्या. गावात पोचल्यावर अंगणात उभं राहून घासाघीस करायला लागलं की सवारीही तुटते आणि वेळही जातो.