माशांच्या टाकीत गोगलगायी निघाल्या? औषधाची बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेलं पाणझाड आपण हौसेने तसंच टाकीत रोवतो. पान उलटं करून उजेडात धरलं, तर चिकट, पारदर्शक जेलीचा ठिपका दिसतो. ती गोगलगायीची अंडी. एक-दोन आठवड्यांत काचेवर तिळाएवढी पिल्लं फिरायला लागतात. माशांच्या पिशवीतलं पाणी टाकीत ओतल्यानेही हे पाहुणे येतात, म्हणून मासा जाळीने उचलावा आणि पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये टाकावं.

सगळ्यात महागात पडते ती 'स्नेल किलर'ची, म्हणजे गोगलगायी मारायच्या औषधाची घाई. अशा बऱ्याच औषधांत तांबं असतं. गोगलगायी मरतात, पण टाकीत कोळंबी असेल तर तीही जाते. शिवाय शेकडो गोगलगायी एकदम मेल्या की त्या खडीत कुजतात, अमोनिया चढतो आणि सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत असतात. मीठ टाकायचा सल्लाही मिळेल, पण त्याने झाडं आधी जळतात.

गोगलगायी वाढण्याचं खरं कारण बहुतेक वेळा माशांच्या दाण्यांच्या डब्यात असतं. घरातला प्रत्येक जण येता-जाता चिमूटभर टाकतो, उरलेलं खडीत जातं आणि त्यावर यांची पंगत बसते. ब्लॅडर जातीची गोगलगाय एकटी असली तरी अंडी घालते, त्यामुळे एक चुकली तरी पुरते. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच द्या, आठवड्याला सायफनने, म्हणजे पाणी ओढून घेणाऱ्या नळीने खडी साफ करा. रात्री दिवे घालवताना उकडलेल्या काकडीची चकती बशीत ठेवून टाकीत सोडा आणि सकाळी तिच्यावर जमलेल्या गोगलगायी बशीसकट बाहेर काढा. संख्या हळूहळू उतरते, घाई नको.

गोगलगायी खायला म्हणून क्लाऊन लोच मासा आणणं हाही असाच उफराटा उपाय. तो फूटभर वाढतो, दोन फुटी टाकीत त्याचं काय करणार? दुसऱ्या गोगलगायी खाणारी असॅसिन स्नेल बरी, पण ती शोभेच्या गोगलगायींनाही सोडत नाही.

शंकूसारखी लांबट जात दिसली तर घाबरू नका. ही ट्रम्पेट गोगलगाय दिवसा वाळूत शिरून ती भुसभुशीत ठेवते. मात्र भरदिवसा सगळ्या ट्रम्पेट काचेवर चढल्या, तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे किंवा पाणी बिघडलंय असं समजा आणि लगेच थोडं पाणी बदला. नळाचं पाणी अँटीक्लोरिन (क्लोरिन घालवणारं औषध) घातल्याशिवाय नको.

पुढच्या वेळी झाड तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवा, नीट धुवा आणि तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. अंडी चिवट असतात. एवढा खटाटोप नको असेल तर कपातली टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) झाडं घ्या, महाग पडतात पण गोगलगाय येत नाही.

काढलेल्या गोगलगायी पवई तलावात किंवा नाल्यात सोडू नका. ब्लॅडर मूळची उत्तर अमेरिकेची, इथल्या पाण्यात तिची भर नको. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मग ओल्या कचऱ्यात टाका.